सोप्रानोंच्या आयुष्यांनी मला काय शिकवलं

वसईतल्या आमच्या चर्चच्या गायनवृंदात मी शाळेत असल्यापासून सोप्रानो, म्हणजे स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज, गात आले आहे. आता स्वतः गाण्यापेक्षा शिकवण्यात वेळ जास्त जातो. रविवारच्या मिस्सानंतर मुली घरी येतात, की-बोर्डभोवती उभ्या राहतात आणि आम्ही सोप्रानो-आल्टोचे भाग बसवतो. ऑपेरा मी आधी कॅसेटवर ऐकला, मग सीडीवर, मग चर्चगेटला उतरून एनसीपीएच्या सभागृहात. गाणं आवडलं की गाणारीचं चरित्र मिळवून वाचायचं, ही सवय तेव्हापासूनची.

त्या चरित्रांनी गाण्याबद्दल जेवढं शिकवलं, तेवढंच जगण्याबद्दलही. कुणी टायपिस्ट होती, कुणी सुईणीची मुलगी, कुणी चर्चमधल्या ऑर्गनवादकाची. गळा सगळ्यांनाच जन्मतः मिळालेला. पुढे मात्र कुणाचा आवाज पाच वर्षांत संपला, तर कुणी पन्नास वर्षं गायली. नशीब, आजारपण, काळ यांचा वाटा होताच. पण काय गायचं, किती गायचं आणि कुणाचं ऐकायचं, या निर्णयांचा वाटा फार मोठा होता. गळा मिळतो, कारकीर्द घडवावी लागते. माझ्या विद्यार्थिनींना मी जे सांगत आले, ते इथे एकेक करून मांडते.

१. गळा म्हणजे शरीर, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा

ऑपेरात माइक नसतो. समोर साठ-सत्तर वाद्यांचा ऑर्केस्ट्रा, त्यापलीकडे दोन-अडीच हजार श्रोते, आणि या सगळ्यांवरून आवाज न्यायचा तो जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीच्या दोन स्वरतंतूंच्या बळावर. सोप्रानो ज्याला ‘हाय सी’ म्हणतात, तो स्वर लावताना हे तंतू सेकंदाला हजाराहून जास्त वेळा एकमेकांवर आपटतात. एवढं मुलींना सांगितलं की त्या नकळत गळ्याला हात लावतात.

मग मी त्यांना कोर्नेली फाल्कों या फ्रेंच गायिकेची हकीगत सांगते. जन्म १८१४ चा. अठराव्या वर्षी, १८३२ मध्ये ती पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर आली आणि पाहता पाहता तिथली पहिल्या क्रमांकाची गायिका झाली. १८३५ मध्ये आलेव्हीच्या ‘ला ज्विव्ह’ची आणि १८३६ मध्ये मायरबेअरच्या ‘ले युगनो’ची नायिका पहिल्यांदा तिनेच उभी केली. दोन्ही भूमिका वजनदार, आवाज ताणणाऱ्या. मार्च १८३७ मध्ये एका प्रयोगात नायकाच्या प्रश्नाला तिने गाऊन होकार द्यायचा होता. तिने तोंड उघडलं आणि स्वर आलाच नाही. ती तेवीस वर्षांची होती. हवापालटासाठी ती इटलीला गेली, उपचार झाले, आणि १८४० मध्ये पुन्हा एकदा पॅरिसच्या त्याच श्रोत्यांसमोर उभी राहिली. तेव्हाही आवाजाने साथ दिली नाही. त्यानंतर ती १८९७ पर्यंत जगली. गाण्याची पाच वर्षं, आणि त्यानंतर साठ वर्षं गाण्यावाचून. फ्रान्समध्ये सोप्रानोच्या एका भारदस्त प्रकाराला आजही तिचंच नाव आहे.

विसाव्या वर्षी मोठा आवाज लागतो म्हणून मोठ्या भूमिका देणारे लोक त्या काळी होते, आजही आहेत. आवाज मोठा असला तरी तो पेलणारं शरीर तयार व्हायला वर्षं लागतात.

२. आपल्या गळ्यावर कुणाकुणाचं घर चालतं, ते ओळखा

जुझेप्पिना स्त्रेप्पोनीचे वडील मोंझाला चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. १८३२ मध्ये ते गेले आणि आई-भावंडांचा भार या मुलीवर आला. मिलानच्या संगीतशाळेतून बाहेर पडताच ती इटलीभर गात सुटली. एका हंगामाला लागून दुसरा हंगाम, मध्ये बाळंतपणं, आणि लगेच पुन्हा रंगमंच. ९ मार्च १८४२ रोजी ला स्काला नाट्यगृहात संगीतकार व्हेर्दीचा ‘नाबुक्को’ हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. त्यातली अबिगाइल्ले ही अतिशय अवघड भूमिका तिने केली खरी, पण तेव्हाच तिचा आवाज उतरणीला लागला होता. १८४६ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, तिने रंगमंच सोडला आणि पॅरिसला जाऊन गाणं शिकवू लागली. पुढे ती व्हेर्दीची पत्नी झाली आणि त्याच्या कामाची जाणती पारखीही. पण तिचं स्वतःचं गाणं घरखर्चाने खाल्लं, असंच मला वाटतं.

याच्या अगदी उलट अडेलिना पाती. १८४३ चा जन्म, सोळाव्या वर्षी न्यू यॉर्कमध्ये ‘लुचिया’ या ऑपेराची नायिका. तरीही तिचा आवाज टिकला, कारण आपल्या गळ्याचे नियम तिने स्वतः ठरवले. अमेरिकेतल्या दौऱ्यात एका रात्रीचे पाच हजार डॉलर, तेही गाण्याआधी हातात. तालमींना हजर राहण्याचं बंधन नाही. लोक तिला हावरट म्हणाले. मला ती शहाणी वाटते. वेल्समधल्या क्रेग-ई-नोस इथे तिने वाडा घेतला, त्यात स्वतःचं छोटं नाट्यगृह बांधलं, आणि १९०५ मध्ये ग्रामोफोन कंपनीची माणसं यंत्रं घेऊन तिच्या दारी गेली. तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. श्वास तोकडा झालाय, पण स्वर जागेवर आहे.

आमच्याकडे लग्नसराईत चांगल्या आवाजाच्या मुलीला एका दिवसात दोन-तीन कार्यक्रमांना उभं करतात, वर ‘घरचंच आहे’ म्हणून मोबदल्याचा विषयही काढत नाहीत. मुलीला बिदागी द्या, आणि एका दिवशी एकच कार्यक्रम द्या, असं मी त्या घरांना स्पष्ट सांगते.

३. गप्प बसणं हाही रियाज आहे

येनी लिंड स्टॉकहोमची. लहानपणापासून रंगमंचावर, आणि विशीतच आवाज थकलेला. १८४१ मध्ये ती पॅरिसला मान्युएल गार्सिया या गुरूकडे गेली. त्यांनी तिचा आवाज ऐकला आणि पहिला धडा दिला तो मौनाचा. सहा आठवडे गायचं नाही, बोलायचंही शक्य तितकं कमी. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांनी तिला श्वास आणि स्वर पहिल्यापासून शिकवला. त्यातून जी लिंड बाहेर पडली, ती पुढे साऱ्या युरोपाने डोक्यावर घेतली. १८५० मध्ये ती अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली, तेव्हा तिकिटांचे लिलाव झाले. मिळालेल्या पैशातला मोठा वाटा तिने शाळा आणि धर्मादाय कामांना दिला.

हेच गार्सिया पुढे दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना पाहणारे म्हणून प्रसिद्ध झाले. १८५४ सालची ही गोष्ट. कान-नाक-घशाचे डॉक्टर आजही त्यांचं नाव घेतात. म्हणजे विश्रांती सांगणारा गुरू गळा सगळ्यांत बारकाईने जाणणारा होता.

माझ्याकडे एक साधी चाचणी आहे, ती कुणालाही करता येईल. नाताळच्या आधीच्या आठवड्यात रोज तालमी असतात. तेव्हा प्रत्येक मुलीला मी ‘हॅपी बर्थडे’ची एक ओळ वरच्या पट्टीत, अगदी हलक्या आवाजात म्हणायला लावते, झोपलेल्या बाळाला जाग येऊ नये इतकी हळू. जोरात म्हणताना थकलेला गळाही निभावून नेतो. हळू म्हणताना मात्र स्वर उशिरा उमटतो, नुसती हवा येते किंवा मध्येच तुटतो. असं झालं की गळ्याला सूज आहे असं मी धरून चालते. ती मुलगी त्या दिवशी खुर्चीत बसून स्वरलिपी वाचते, गात नाही. आवाज बरेच दिवस बसलेला राहिला तर मात्र घरगुती काढ्यांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

४. आवाज पिकायला वेळ लागतो, आणि तो ओळखणारा कान जवळ असावा लागतो

जोन सदरलंड सिडनीची. टायपिस्टची नोकरी करत गाणं शिकली आणि १९५१ मध्ये लंडनला आली. कॉव्हेंट गार्डन या ऑपेरागृहाने तिला घेतलं ते किरकोळ भूमिकांसाठी. नोव्हेंबर १९५२ मध्ये मारिया कॅलासच्या ‘नॉर्मा’त नॉर्माच्या सखीचं छोटंसं काम तिने केलं. आपला आवाज वाग्नरच्या भारी भूमिकांचा आहे, असंच तिला वाटे. रिचर्ड बॉनिंग या पियानोवादकाला, तिच्या नवऱ्याला, तिच्या आवाजात वेगळंच काही ऐकू येत होतं: तानांची चपळाई आणि तार सप्तकाची सहजता. पट्टी नेमकी ओळखण्याचा कान त्याला होता, तिला नव्हता. म्हणून सरावात तो तिला न सांगता पट्टी चढवत नेई, आणि आपण केवढ्या उंचीवर गातोय हे तिला नंतर कळे. १७ फेब्रुवारी १९५९ रोजी तिने कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘लुचिया’ केली. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. त्या एका रात्रीने ती जगात पोहोचली, आणि १९९० पर्यंत गात राहिली.

नॉर्वेची किर्स्टन फ्लागस्टाड तर त्याहून उशिरा उजेडात आली. तिचं पदार्पण १९१३ चं. त्यानंतर वीसेक वर्षं ती आपल्या उत्तरेकडच्या देशांतच गात होती, हलकी-भारी मिळेल ती भूमिका करत. २ फेब्रुवारी १९३५ रोजी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ती वाग्नरच्या झीग्लिंडेच्या भूमिकेत उभी राहिली, तेव्हा चाळिशीला आली होती. वाग्नरच्या गायिकांचा विषय निघाला की आजही तिचं नाव सर्वांत आधी निघतं. ती वीस वर्षं वाया गेली असं मी कधीच मानत नाही. त्या काळात तिचा आवाज गाजावाज्याविना भरत गेला.

पंचविशीत ‘आता आपलं काय होणार’ म्हणणाऱ्या मुलींना मी या दोघींची नावं सांगते.

५. ‘नाही’ म्हणायला शिका, समोर कितीही मोठं माणूस असलं तरी

मिरेला फ्रेनी इटलीतल्या मोदेनाची. तिची आई आणि गायक लुचानो पावारोत्तीची आई एकाच तंबाखूच्या कारखान्यात कामाला होत्या. १९५५ मध्ये मोदेनातच तिने ‘कारमेन’मधल्या मिकाएलाने सुरुवात केली. पुढे ‘ला बोहेम’मधली मिमी म्हणजे फ्रेनी, असं समीकरणच झालं. हर्बर्ट फॉन काराजान हे त्या काळचे सर्वांत दबदब्याचे वाद्यवृंद-संचालक. त्यांच्याबरोबर ती ‘आयडा’पर्यंत गेली. पण त्यांनी ‘तुरांदोत’ सुचवली तेव्हा तिने नकार दिला. ती भूमिका पोलादी आवाजाची आहे आणि आपला आवाज तसा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काराजानना नाही म्हणणं म्हणजे पुढची कामं जाण्याची भीती. तरीही ती म्हणाली. आणि १९५५ ते २००५, अशी पन्नास वर्षं ती रंगमंचावर राहिली.

माझ्या मते नकार देता येणं हे गायिकेचं सर्वांत मोठं तांत्रिक कौशल्य आहे. तान सहा महिन्यांत बसते. नकार बसायला फार वर्षं लागतात.

६. दुसऱ्याची शिकवणीही आपलीच असते

मारिया कॅलासबद्दल लोक तिच्या प्रेमप्रकरणांवर आणि भांडणांवर खूप बोलतात. मला आठवतो तो तिचा अथेन्समधला वर्ग. एल्व्हिरा दे इदाल्गो या स्पॅनिश सोप्रानोकडे ती शिकत होती. सकाळी पहिली येई, आपली पाळी झाली तरी घरी जात नसे, संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचे धडे ऐकत बसे. कुठल्या आवाजाला काय सांगितलं जातं, कुठे अडतं, कसं सुटतं, हे सगळं तिने दुसऱ्यांच्या धड्यांतून गोळा केलं. डोळे इतके अधू की रंगमंचावरून वाद्यवृंद-संचालकाचा हात नीट दिसत नसे. म्हणून सगळं संगीत मुखोद्गत. जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसला ती वाग्नरची ब्रुनहिल्डे गात होती, तेवढ्यात ‘इ पुरितानी’ची गायिका आजारी पडली. थोड्याच दिवसांत कॅलासने ती नाजूक, तानांनी भरलेली भूमिका तयार करून गायली. जवळजवळ विसरल्या गेलेल्या ‘मेदेआ’, ‘आन्ना बोलेना’ यांसारख्या कृती तिने पुन्हा जिवंत केल्या.

या धाडसाची किंमत आवाजाने मोजली. ५ जुलै १९६५ रोजी लंडनला तिने शेवटचा ऑपेरा गायला. ती एकेचाळीस वर्षांची होती. त्याआधी, २ जानेवारी १९५८ ला, रोममध्ये आजारी गळ्यामुळे तिने ‘नॉर्मा’ पहिल्या अंकानंतर सोडली. इटलीचे राष्ट्राध्यक्ष प्रेक्षागृहात होते, आणि वर्तमानपत्रांनी तिच्यावर आग पाखडली. ते वाचून मला आजही राग येतो. तिकीट काढणाऱ्याचा गाण्यावर हक्क असतो, आजारी गळ्यावर नसतो.

१९७१-७२ मध्ये न्यू यॉर्कच्या ज्युलिअर्डमध्ये तिने जे वर्ग घेतले, त्यांची ध्वनिमुद्रणं मी मुलींना आवर्जून ऐकवते. शब्द, श्वास, स्वरलिपीत काय लिहिलंय ते. बस्स, एवढंच ती शिकवते. म्हणूनच माझ्याकडे एकीचा धडा चालू असताना बाकीच्या मोबाइल बाजूला ठेवून ऐकतात.

७. दार बंद असेल, तर दोष आपल्या आवाजाचा नसतो

सिसिएरेटा जोन्स ही कृष्णवर्णीय अमेरिकन सोप्रानो १८९२ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्यासमोर गायली. अडेलिना पातीच्या नावावरून लोक तिला ‘ब्लॅक पाती’ म्हणत. तिला ते नाव आवडत नसे. एवढं असूनही कुठल्याही मोठ्या ऑपेरा कंपनीने तिला रंगमंचावर एक भूमिका दिली नाही. तिने स्वतःची मंडळी काढली, वर्षानुवर्षं दौरे केले, आणि १९३३ मध्ये गरिबीत गेली.

मिसिसिपीतल्या लॉरेल गावच्या लिओन्टिन प्राइसची आई सुईण, वडील लाकूड कापण्याच्या गिरणीत कामाला. १९५५ मध्ये दूरचित्रवाणीवर तिची ‘टोस्का’ दाखवली, तेव्हा दक्षिणेकडच्या काही केंद्रांनी ती दाखवायला नकार दिला. २७ जानेवारी १९६१ रोजी ती मेट्रोपॉलिटनमध्ये ‘इल त्रोव्हातोरे’ गायली, आणि टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत. १९६६ मध्ये मेट्रोपॉलिटनची नवी इमारत उघडली ती तिच्याच क्लिओपात्राच्या भूमिकेने. जोन्सचा आवाज प्राइसपेक्षा कमी होता म्हणून ती मागे राहिली, असं कुणी म्हणू नये. तिच्या वेळी दारच उघडलं गेलं नाही.

८. आपल्या मातीतूनही ही वाट जाते

पॅट्रिशिया रोझारिओ मुंबईत जन्मलेली, गोव्याच्या कुटुंबातली. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये ती शिकली, आणि जॉन टॅव्हनरसारख्या संगीतकाराने तिच्या आवाजासाठी कितीतरी रचना केल्या. २००९ पासून ती भारतात येऊन तरुण गायकांना शिकवते आहे. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडलं होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं, तेव्हा पहिला कार्यक्रम तिचाच होता. ज्या वास्तूत एकेकाळी बालगंधर्व गायले, तिथे मुंबईची सोप्रानो गाते आहे, ही बातमी मी मुलींना मोठ्याने वाचून दाखवली. चर्चच्या गायनवृंदात गाणारी मुलगी कुठवर जाऊ शकते, याला याहून मोठा दाखला आपल्याला नको.

९. थांबण्याची वेळ स्वतः ठरवा

रोझा पोन्सेल १९१८ मध्ये विख्यात गायक कारूसोबरोबर मेट्रोपॉलिटनमध्ये उभी राहिली आणि १९३७ मध्ये, चाळीस वर्षांची असताना, तिने रंगमंच सोडला. माग्दा ओलिव्हेरो १९४१ मध्ये लग्न करून थांबली. दहा वर्षांनी संगीतकार चिलेआच्या आग्रहावरून परत आली, आणि १९७५ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, मेट्रोपॉलिटनमध्ये पहिल्यांदा गायली. प्राइसने ३ जानेवारी १९८५ रोजी ‘आयडा’ गाऊन निरोप घेतला, आवाज भरात असताना. तिघींच्या वाटा वेगळ्या, पण निर्णय तिघींनीही स्वतः घेतला. कुणी ढकललं म्हणून जाऊ नये, आणि कुणी धरून ठेवलं म्हणून राहूही नये.

शेवटी दोन विनंत्या. पालकांनो, तुमच्या मुलीचा आवाज उंच आणि खणखणीत असेल तर तिला गाऊ द्या, पण बाराव्या-तेराव्या वर्षी मोठ्यांची गाणी मोठ्यांच्या जोराने गायला लावू नका. स्पर्धेचं बक्षीस पुढच्या वर्षीही मिळेल. आणि गायनवृंद चालवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, तालमीत एखादी मुलगी ‘आज गळा बरा नाही’ म्हणाली, तर तिचं खरं माना आणि तिला बसू द्या. सोप्रानोचा आवाज टिकतो की जातो, हे अनेकदा त्या एका उत्तरावर ठरतं.